लुकलाचं हवामान आणि परतीचं तिकीट

एव्हरेस्ट बेस कॅम्पचं ठरलं तेव्हा मामेभाऊ बुटांच्या मागे लागला आणि मी तिकिटांच्या. या ट्रेकला जायची तारीख आपल्या हातात असते, परतीची नसते. ट्रेक नेपाळमधल्या लुकलाहून सुरू होतो आणि तिथेच संपतो; तिथली धावपट्टी २,८४५ मीटर उंचीवर, जेमतेम ५२७ मीटर लांब आणि चक्क उतारावर. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. वैमानिकाला समोरचं नीट दिसलं तरच विमान उतरतं. ढग भरले की सगळं ठप्प, कधी सलग दोन-तीन दिवससुद्धा.

इंदूरहून काठमांडूला दिल्लीमार्गे गेलो. ओळखीच्या एजंटकाकांनी लगेच सांगितलं, "रिटर्नच काढून टाक, स्वस्त पडेल." मी प्रत्येक टप्प्याचं भाडं वेगवेगळं काढून पाहिलं. आपल्याकडच्या स्वस्त विमान कंपन्या जायचं आणि यायचं भाडं बहुधा स्वतंत्रच लावतात, त्यामुळे रिटर्नमध्ये बचत जवळपास काहीच नव्हती. मग मी अनिश्चितता नेमकी कुठे आहे ते शोधलं आणि जास्तीचे पैसे तेवढ्याच जागी घातले.

जाताना इंदूर-दिल्ली-काठमांडू एकाच पीएनआरवर घेतलं, सगळ्यात स्वस्त भाड्याचं. तारीख पक्की होती, बदलाची सोय कशाला विकत घ्यायची? एक पीएनआर असला की इंदूरचं विमान उशिरा सुटून पुढचं चुकलं तरी पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसरं बुडालंच समजा.

येताना उलट केलं. काठमांडू-दिल्ली तेवढं तारीख बदलता येणारं घेतलं. इथे भाड्याचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत, हे मी कळकळीने सांगते. 'तारीख बदलण्याचं शुल्क शून्य' असं ठळक लिहिलेलं असतं. खाली 'भाड्यातला फरक भरावा लागेल' हेही असतं. हंगामात हा फरकच शुल्काहून मोठा होऊ शकतो. म्हणून मी मूळ तारीखच लुकलाहून निघण्याच्या ठरलेल्या दिवसानंतर दोन दिवस सोडून धरली. आणि तिकीट रद्दच करावं लागलं, तर 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी भारतीय नियमांप्रमाणे कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. ते जरूर मागा.

दिल्ली-इंदूर मुद्दाम आधी काढलंच नाही. रात्रीची रेल्वे आहे, एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं. ऑनलाइन काढायचं तर त्यासाठी आधारशी जोडलेलं आयआरसीटीसीचं (रेल्वे तिकिटांच्या साइटचं) खातं लागतं. आमचं तिकीट आईने घरबसल्या काढलं.

ओळखपत्राचंही सांगून ठेवते. विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं; १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधारवर सोडत नाहीत. शिवाय वसंत आणि शरदाच्या गर्दीत लुकलाची बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात. तिथवर रस्त्याने चार-पाच तास, म्हणजे मध्यरात्रीनंतर लगेच निघायचं. काठमांडूत उतरलेल्या रात्रीच हा प्रवास गळ्यात घेऊ नका, एक रात्र नीट झोपा.

परतताना लुकलाला ढगांनी गाठलंच. सकाळी आठलाच दरीतून धुकं वर चढलं आणि धावपट्टीचं खालचं टोक दिसेनासं झालं. आमच्या शेजारच्या बाकावरचं जोडपं परतीचं तिकीट बुडणार म्हणून हेलिकॉप्टरचे दर विचारत फिरत होतं. भाऊ म्हणाला, "ताई, आपण थांबू या ना?" थांबलो. राखलेले दिवस संपल्यावर लॉजच्या वायफायवरून तारीख पुढे ढकलली, फरक भरला, काम झालं. एक गोष्ट मात्र निघण्याआधीच केलेली होती: बँकेशी जोडलेल्या नंबरावर रोमिंग चालू. ते नसतं तर ओटीपी आला नसता आणि बदलता येणारं तिकीट हातात असूनही बदलता आलं नसतं.