सिलिंडरमध्ये काय आहे?

स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे समितीचे पत्र आले, तेव्हा लिहायचे ते सरांविषयीच, हे मनाशी ठरून गेले. रसायनशास्त्राचे सर म्हटले की ठाण्यातल्या आपल्या शाळेत दुसरे कोणी डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांचा मेळ घालणारे आदर्श वायूचे समीकरण आमचे पाठ झाले, की सर लगेच विचारत, "आता हे कुठे खोटे पडते, ते सांगा." मे महिन्यातल्या जादा तासाला त्यांनी भिंतीवरचा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक उतरवून टेबलावर ठेवला आणि आत वायू आहे की द्रव, असे विचारले. वर्गात दोन तट पडले. दोन्ही चूक, असे सांगून त्यांनी भिंतीवरच्या तापमापीकडे बोट दाखवले. पारा पस्तिशीला टेकला होता. या वायूचे क्रांतिक तापमान सुमारे ३१ अंश सेल्सिअस असल्याने त्यापुढे कितीही दाब दिला तरी द्रवाचा वेगळा पृष्ठभाग उरत नाही. जानेवारीतल्या थंड सकाळी मात्र याच सिलिंडरमध्ये खाली द्रव आणि वर वायू असतो. हे बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये मांडले होते.

रेणूंना स्वतःचे आकारमान असते आणि ते एकमेकांना ओढतात, एवढ्या दोनच दुरुस्त्यांनी डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ च्या प्रबंधात वायू आणि द्रव एका समीकरणात बसवले. ते आधी शाळामास्तर होते, हे सर जरा ताठ होऊन सांगत, आणि १९१० चे नोबेल नंतर, जाता जाता. पण त्यांचेही समीकरण सरांच्या प्रश्नातून सुटले नाही. त्यानुसार क्रांतिक बिंदूपाशी, म्हणजे जिथे द्रव आणि वायू यांतला भेद मिटतो तिथे, संपीड्यता गुणांक (वायू आदर्श वायूपासून किती ढळतो ते सांगणारा आकडा; आदर्श वायूसाठी तो १) प्रत्येक वायूसाठी ०.३७५ यायला हवा. कार्बन डायऑक्साइडसाठी तो प्रत्यक्षात ०.२७४ असतो, हे त्यांनी आमच्याकडूनच गणिताने काढून घेतले. अशी चिकाटी मला पुढे अभियांत्रिकीच्या कोणत्याही प्राध्यापकात आढळली नाही.

आज मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक प्रकल्पांच्या आराखड्यांचे काम करतो. प्रोपेन, ब्यूटेन यांसारख्या हायड्रोकार्बनांसाठी आम्ही व्हॅन डर वाल्स यांच्याच धर्तीवरचे १९७६ चे पेंग-रॉबिन्सन समीकरण वापरतो आणि ते उत्तम चालते. हल्लीची मुले मात्र संगणकावर तेच निवडून मिथेनॉल-पाण्याच्या मिश्रणालाही लावतात, आणि रेणूंमधल्या हायड्रोजन बंधांमुळे नेहमीच्या मिश्रण-नियमांनिशी (घटकांच्या गुणांकांवरून मिश्रणाचे गुणांक काढण्याच्या रीतीने) ते तिथे फसते. त्यांचे कागद मी सहीविना परत पाठवतो, वर सरांचा प्रश्न लिहून.