लाइट गेल्यावर चमकलेली डायल

मामा गेले त्या वर्षी दिवाळीला मामीने कपाटातून रुमालाची एक पुरचुंडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत मामांचं घड्याळ होतं. सेको, ऑटोमॅटिक, मॉडेल ६३०९-७०४०. जुन्या घड्याळांच्या नादी लागलेले लोक जगभर याला कासव म्हणतात. केस चारी बाजूंनी फुगीर, कासवाच्या पाठीसारखी, आणि चावी तीनच्या जागी नाही, चारच्या जवळ अर्धी आत दडलेली. मागच्या झाकणावर समुद्राच्या लाटेचं चिन्ह. त्याखालच्या नंबरात पहिला आकडा ८ आणि त्यानंतर इंग्रजी एन. सेकोच्या पद्धतीत पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरी खूण महिन्याची. हे मॉडेल १९७६ ते १९८८ पर्यंत निघत होतं, म्हणजे ८ चा अर्थ १९७८ किंवा १९८८. मामांनी घड्याळ घेतलं १९८१ साली. म्हणून ते नोव्हेंबर १९७८ चं. हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा मी रात्री अकरा वाजता मामीला फोन केला होता.

मामा फैजपूरचे, घरी केळीची बाग. तरी १९७९ साली ते वेल्डर म्हणून एका बार्जवर लागले आणि थेट बॉम्बे हायला पोचले. फेब्रुवारी १९७४ मध्ये समुद्रात विहीर खोदणाऱ्या 'सागर सम्राट' या रिगने तिथे तेल शोधलं, १९७६ च्या मे महिन्यात ते निघायला लागलं. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत. ज्या माणसाने तोवर तापी आणि मळ्यातली विहीर एवढंच पाणी पाहिलं होतं, तो तिथे डेकवर पाइप जोडत होता आणि पाण्याखालचं काम करायला परदेशी डायव्हर यायचे. त्यातल्या एकाकडून मामांनी हे घड्याळ घेतलं. पैसे किती दिले ते त्यांनी शेवटपर्यंत मामीला सांगितलं नाही.

त्या डायव्हरांच्या गोष्टी मात्र ते आम्हा भाच्यांना उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना सांगायचे. डेकवर लोखंडाची मोठी टाकी असायची, त्यात ही माणसं कित्येक दिवस दाबाखाली राहायची, तिथेच जेवायची, झोपायची. श्वासाच्या हवेत हेलियम. टाकीचा दाब हळूहळू उतरवायला लागले की डायव्हर घड्याळाची चावी सैल करून ठेवायचे. "नाहीतर काच उडते रे भो, बंदुकीच्या गोळीसारखी." आम्हाला ते खोटं वाटायचं. ते खरं होतं. हेलियमचे कण इतके बारीक की पाणी अडवणाऱ्या रिंगेलाही ते दाद देत नाहीत, दिवसेंदिवस आत झिरपत राहतात. बाहेरचा दाब उतरला की आतल्या वायूला तेवढ्या वेगाने बाहेर पडता येत नाही आणि तो काच ढकलून देतो. मी भुसावळला लोको शेडमध्ये फिटर आहे. रबराची रिंग काय अडवते आणि काय अडवत नाही हे रोज हाताने पाहतो, म्हणून ही गोष्ट मला पुढे फार जवळची वाटली.

यावर कंपन्यांनी दोन वाटा काढल्या. रोलेक्सने १९६७ च्या सी-ड्वेलरमध्ये केसच्या कडेला एक छोटा व्हॉल्व्ह दिला, आतला दाब वाढला की तो आपोआप उघडतो. डॉक्सा ही दुसरी स्विस कंपनीही त्याच सुमारास त्याच वाटेने गेली. दुसरी वाट सेकोची. १९६८ साली जपानमधल्या कुरे गावच्या एका व्यावसायिक डायव्हरने कंपनीला पत्र लिहिलं की तुमची घड्याळं इतक्या खोलावरच्या कामाला टिकत नाहीत. सेकोचे इंजिनियर इकुओ तोकुनागा यांनी त्या पत्रावर सात वर्षं काम केलं. १९७५ साली ६०० मीटरचं घड्याळ आलं, टायटॅनियमची केस, वरून चिलखतासारखं कवच, आणि इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची रिंग, जी हेलियमला आतच येऊ देत नाही. व्हॉल्व्हची गरजच नाही. मला ही दुसरी वाट जास्त आवडते. एका काम करणाऱ्या माणसाचं पत्र कुणीतरी सात वर्षं मनावर घेतलं, हे मी शेडमधल्या पोरांना अनेकदा सांगितलंय.

मामांचं कासव इतकं मोठं नव्हतं, १५० मीटरचं. १९८६ ला ते बॉम्बे हाय सोडून बागेत परत आले आणि घड्याळाचं खरं काम तिथे सुरू झालं. बेझलवरचा, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावरचा, त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवला की किती मिनिटं गेली ते नुसत्या नजरेने कळतं. डायव्हर त्यावर श्वासाचा हिशेब ठेवतो. मामांनी त्यावर पाण्याचा ठेवला. लाइट यायची रात्री बाराला, मोटार सुरू झाली की त्रिकोण फिरवायचा, चाळीस मिनिटं झाली की पाणी पुढच्या वाफ्यात. वीस वर्षं. बेझलच्या कडेचे दाते अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झाले होते, आणि फटीत तिथली काळी माती अशी बसलेली की सुईनेच निघावी.

ते घड्याळ मी दुरुस्तीला दिलं. तीन वर्षं बंद होतं, चालू व्हावं एवढीच इच्छा. एका मोठ्या दुकानात दिलं, दोन आठवड्यांनी आणलं. केस आरशासारखी चकचकीत, काच नवी, डायल काळीभोर. मी खूश होतो. मग मे महिन्यातल्या एका रात्री लाइट गेली, घरात उकाडा मरणाचा, मी गच्चीवर जाऊन पडलो. मनगटाकडे पाहिलं तर डायल हिरवीगार पेटलेली. सगळे ठिपके, दोन्ही काटे. आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

चाळीस वर्षांच्या डायलने असं चमकायचं नसतं. तिच्यावरचा अंधारात चमकणारा लेप केव्हाच विझलेला असतो. जुन्या स्विस डायलवर सहाच्या खाली बारीक 'टी' अक्षर असतं, ते ट्रिशियमचं, लेपातल्या किरणोत्सर्गी द्रव्याचं. ते दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे १९७० च्या घड्याळात आज शंभरातले पाच भागही उरलेले नाहीत. लेप पिवळट, मग तपकिरी होत जातो, डायलवर आणि काट्यांवर एकसारखा. माझ्या मनगटावर चमकत होती ती नवी, बाहेरून आणलेली नकली डायल. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. जुनी डायल आणि काटे टाकून दिले होते. "काळे पडले होते साहेब, तुम्हाला चांगलं करून दिलं." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हेच मला जास्त लागलं. मामीने घड्याळ हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि एवढंच म्हणाली, "हे ह्यांचं घड्याळ नाही रे भो."

तेव्हापासून मी हा विषय खणतो आहे, आणि एक गोष्ट मला पक्की पटली आहे. कामाची घड्याळं दुर्मीळ होतात ती थोडी बनली म्हणून नाही. कामात वापरून संपतात, आणि जी उरतात ती चांगली करून देण्यात संपतात. खुद्द मोठ्या स्विस कंपन्यांच्या सर्व्हिसिंगमध्येही जुनी डायल आणि काटे काढून नवे बसवले जायचे. अमेरिकी नौदलासाठी टॉर्नेक-रेव्हिल नावाचं घड्याळ बनलं, त्याच्या मागच्या झाकणावर किरणोत्सर्गाचा इशारा आणि सापडल्यास जवळच्या लष्करी ठाण्यावर परत द्या असं कोरलेलं. सेवेतून निघाल्यावर त्यातली कितीतरी घड्याळं किरणोत्सर्गी कचरा म्हणून नष्ट केली गेली. जी उरली त्यांच्यासाठी आज लोक घरं विकतील. रोलेक्सचं ५५१४ फक्त फ्रान्सच्या कॉमेक्स कंपनीच्या डायव्हरांसाठी होतं, दुकानात कधी आलंच नाही.

आपल्याकडे रीडायलने, म्हणजे जुनी डायल नव्याने रंगवण्याने, फार नुकसान केलंय. मुंबईत जुन्या स्विस मशिनवर लाल, पिवळी, रंगवलेली डायल चढवून विकायचा धंदा इतका जुना आहे की परदेशातले संग्राहक लांबूनच ओळखतात. खानदेशात मला सर्वांत जास्त सापडतात ती फेवर ल्युबा. तलाठी, मास्तर, रेल्वेतले गार्ड, लग्नातले जावई, सगळ्यांच्या हातावर सी-चीफ, सी-किंग. नावात समुद्र, पण ती रोजची साधी घड्याळं. दहापैकी आठांची डायल रंगवलेली. याच कंपनीने १९६८ साली बॅथी बनवलं, पाण्याची खोली दाखवणारं पहिलं यांत्रिक मनगटी घड्याळ. मागच्या झाकणाला भोकं, त्यातून पाणी आत येऊन एका पातळ पडद्यावर दाबतं, पडदा जितका दबेल तितका खोलीचा काटा सरकतो. एक मॉडेल पन्नास मीटरपर्यंत मोजायचं, दुसरं १६० फुटांपर्यंत. खारं पाणी मुद्दाम आत घेणारं घड्याळ, ते धडधाकट राहायचं तर प्रत्येक डुबकीनंतर कुणीतरी गोड्या पाण्याने धुतलेलं असायला हवं. मी एकच पाहिलंय, तेही फोटोत. तरी सावद्यापासून नंदुरबारपर्यंत जिथे जुन्या कपाटाचा विषय निघतो तिथे मी विचारतोच.

मामांच्या घड्याळातून ती हिरवी डायल मी काढून ठेवली आहे. मशीन चालू आहे, काटे नाहीत, काचेतून नुसती वार-तारखेची चकती दिसते. केस पॉलिशने गेली ती गेली, तिच्या कडा परत येणार नाहीत. डायल मात्र मिळू शकते, त्याच काळातली, त्याच नंबरची, न रंगवलेली. गेल्या बुधवारी चोपड्याहून एकाचा फोन आला. त्यांच्या काकांचं कासव आहे, काच तडकलेली, मशीन जाम, डायलवरचे ठिपके "चहासारखे" झालेत म्हणाले. मी जागेवर उठून उभा राहिलो. ते म्हणाले, "तुम्ही येईपर्यंत इथल्या घड्याळवाल्याकडून साफ करून ठेवतो."

"नको भाऊ," मी म्हणालो. "काचसुद्धा पुसू नका. आहे तसं रुमालात बांधा. रविवारी सकाळच्या एसटीने मी येतो."