लष्करी लिलावातली जिप्सी रस्त्यावर आणताना: माझा अनुभव

लष्कराने मोडीत काढलेली मारुती जिप्सी घ्यायची तर आधी आरटीओत जायचं, मग लिलावात. बरेच जण नेमकं उलट करतात. बोली लावतात, गाडी दारात उतरवतात, इंजिन सुरू झालं की पेढे वाटतात, आणि मग कळतं की आपल्या भागातलं कार्यालय ती नोंदवून घ्यायला राजी नाही. मग ती गाडी शेतावर आणि फार्महाऊसच्या आवारात फिरते, डांबरी रस्त्याला लागत नाही.

सैन्याची वाहनं मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली वेगळी नोंदलेली असतात. पाटीवर वर तोंड केलेला बाण, पुढचे दोन अंक वर्षाचे, मग अक्षर आणि क्रमांक. गाडी सैन्याच्या मालकीतून सुटली की त्या नंबराचा रस्त्यावर काही उपयोग नाही, नागरी नोंदणी पहिल्यापासून करावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये माजी लष्करी वाहनाची सोय आहे: नमुना २० मधला अर्ज आणि सोबत लष्करी अधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी दिलेलं नमुना २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र. झेरॉक्स चालत नाही. हा एक कागद नसेल तर बाकी सगळी फाइल रद्दी.

आरटीओत तीन गोष्टी विचारायच्या. इतक्या जुन्या बनावटीची, जुन्या उत्सर्जन निकषांची गाडी नोंदवता का? नमुना २१ वरचं नाव आणि अर्जदाराचं नाव वेगळं असेल तर काय लागेल? कर कोणत्या किमतीवर धरणार? उत्तरं कार्यालयागणिक बदलतात, म्हणून ती नोंदणी विभागातूनच घ्यावीत, बाहेर बसलेल्या एजंटाकडून नाही. दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लॉट, म्हणजे लिलावात एकत्र विकला जाणारा गट, अनेकदा चार-सहा गाड्यांचा असतो, तो व्यापारी उचलतो आणि एकेक गाडी सुटी विकतो. प्रमाणपत्र व्यापाऱ्याच्या नावावर, गाडी तुमच्या अंगणात. त्याने स्वतःच्या नावावर नोंदवून मग हस्तांतर केलं तर प्रश्न नाही. नुसत्या पावतीवर दिली तर पुढची सगळी धावपळ तुमची.

वयाचाही हिशेब आहे. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरची सरकारी वाहनं नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडावी लागतात. देशाच्या संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या विशेष वाहनांना त्यातून सूट आहे, पण कुठली गाडी या सवलतीत बसते हे आपण ठरवत नाही. लॉटच्या अटींत फक्त स्क्रॅपिंग केंद्रांनाच बोलीची मुभा असेल, तर तो लॉट कितीही देखणा असला तरी सोडून द्यायचा.

लिलाव एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ई-लिलावातून होतो. खरेदीदार म्हणून नाव नोंदवायचं, पॅन द्यायचा, बोलीआधी अनामत भरायची. पाहणीचे दिवस जाहीर झालेले असतात, तेव्हा ओळखपत्र घेऊन डेपोत जायचं. विक्री ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर असते, म्हणजे बॅटरी नाही, कार्ब्युरेटर नाही, स्टार्टर नाही अशी तक्रार नंतर करायची सोय नाही. काही लॉटमध्ये सगळ्यात वरची बोली लागूनही मंजुरी बाकी राहते. तोवर पैसे अडकतात. मंजुरीनंतर उरलेली रक्कम मुदतीत भरायची आणि माल मुदतीत उचलायचा, नाहीतर जागाभाडं चढतं. बोलीच्या आकड्यावर कर वेगळे, हे धरूनच वरची मर्यादा ठरवून बसावं. समोरचा बोली वाढवतोय म्हणून आपणही वाढवत जाणं हा फक्त हट्ट.

पाहणीला बरोबर न्यायचं सामान: लहान हातोडी, पोचकस, तारेचा ब्रश, खडू, टॉर्च आणि जुने कपडे. आधी नंबर. चेसिसवर कोरलेला नंबर ब्रशने साफ करून खडू घासला की अक्षरं उठून दिसतात. यादीतल्या नंबराशी एकेक अक्षर ताडायचं. इंजिन नंबरही तसाच. सैन्याच्या कार्यशाळांत इंजिन बदलणं नेहमीचं, त्यामुळे यादीत एक आणि ब्लॉकवर दुसरा नंबर असू शकतो. तसं असेल तर तो लॉट माझ्या दृष्टीने संपला.

मग गाडीखाली झोपायचं. जिप्सीची चेसिस पेटीसारख्या पोकळ पट्ट्यांची. आत चिखल साचतो आणि पत्रा आतून खातो, बाहेरून रंग शाबूत दिसतो. हातोडीने ठोकत जायचं. टणक आवाज चांगला, बद्द आवाज वाईट. मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) शॅकल जिथे चेसिसला अडकते ती जागा आणि पुढच्या चाकांमागे बॉडी बसते त्या जागा हमखास कुजतात. चालकाच्या पायाखालचा पत्रा, मागच्या चाकांवरचे कमानी पत्रे आणि काचेच्या चौकटीची खालची कड यांचं गंजणं मी फार मनावर घेत नाही, ते पत्राकाम आहे. चेसिस कुजली असेल तर मात्र परत फिरायचं. इंजिन जिप्सीत सगळ्यात स्वस्तात सुटणारी गोष्ट आहे, आणि लोक नेमकं तेच आधी बघतात.

कुठली जिप्सी हेही बघायचं. १९८५ ची एमजी४१० ९७० सीसी इंजिनाची. १९९६ पासून रुंद चाकोरीची १३०० सीसी एमजी४१३डब्ल्यू, आणि २००० मध्ये सोळा व्हॉल्व्हचं, इंजेक्शनचं इंजिन आलं. लिलावात आता मुख्यतः शेवटच्या दोन पिढ्या दिसतात.

गाडी आणायची ती ट्रकवर चढवून. नोंदणी नसलेलं वाहन ओढत आणणंसुद्धा वाटेत अडचणीचं ठरतं. डेपोतून निघताना गेटपास, डिलिव्हरी ऑर्डर, पैसे भरल्याच्या पावत्या यांच्या प्रती करून घ्याव्यात आणि नमुना २१ वरचे नंबर गाडीशी तिथेच ताडावेत. टंकलेखनातली एका अक्षराची चूक नंतर दुरुस्त करून आणायला पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागतं.

आल्या आल्या चावी फिरवायची नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी क्रँकपुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे. अडकलं तर जोर करू नये, पुन्हा तेल सोडून वाट पाहावी. हेड न काढता सुटलं तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलायचे, कारण पंपासाठी बेल्ट काढावाच लागतो. टाकी उतरवून धुवायची. तळाला डिंकासारखं झालेलं जुनं पेट्रोल आणि गंज एकत्र असतो, आणि तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये किंवा इंजेक्शनच्या पंपात पहिल्याच दिवशी जातो. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे. इंजिनात ऑइल सुमारे साडेतीन लिटर, फिल्टर नवा. आठ व्हॉल्व्हच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १४ किलोच्या आसपास हवं. १२ च्या खाली किंवा दोन सिलिंडरमध्ये १ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर हेड उतरवायला लागणार.

खालचं, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल बदलताना आधी भरायचा नट सोडवून बघायचा, मग खालचा. उलट केलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर हाउसिंग रिकामं होऊन बसतं. गिअरबॉक्स १.३ लिटर, ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) ०.८, पुढचं डिफरन्शियल २, मागचं १.५. तेल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. ही गाडी नाल्यातून गेलेली असते, आणि डिफरन्शियलचा श्वासनळा चिखलाने बुजला की गार होताना आतली हवा आकसून सीलमधून पाणी ओढून घेते. नुसतं तेल बदलून भागत नाही, नळा मोकळा करावा लागतो. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) एकूण सहा: पुढचा, मागचा आणि गिअरबॉक्स ते ट्रान्सफर हा छोटा शाफ्ट. छोट्याकडे कुणी बघत नाही. ट्रान्सफरची रबरं फाटली की जो थरथराट होतो त्याचा दोषही बिचाऱ्या इंजिनावर जातो.

आता पुढचा ॲक्सल, जिथे जिप्सीचा खरा खर्च आणि खरा त्रास आहे. साधारण ५५ ते ६५ च्या वेगात एका खड्ड्यावर स्टेअरिंग हातात असं नाचायला लागतं की गाडी थांबवल्याशिवाय ते थांबत नाही. गॅरेजवाला स्टेअरिंग डॅम्पर बदलतो. महिनाभर बरं वाटतं, मग परत सुरू. कारण बहुतेक वेळा नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात असतं. प्रत्येक बाजूला वर एक आणि खाली एक अशा किंगपिन बेअरिंग, एकूण चार. त्या ढिल्या झाल्या की चाक स्वतःच डुलायला लागतं.

आधी नकलच्या गोळ्याकडे बघायचं. मागच्या बाजूने काळं, पातळ तेल ओघळत असेल तर ॲक्सलच्या नळीतलं आतलं ऑइल सील गेलंय. डिफरन्शियलचं तेल गोळ्यात शिरून तिथलं ग्रीस धुऊन टाकतं, आणि मग सीव्ही जॉइंट आणि खालची बेअरिंग कोरडी चालते. बाहेरचं रबर आणि नमद्याची पट्टी बदलून गळती थांबल्यासारखी दिसते, पण मूळ तसंच राहतं. म्हणून नकल पूर्ण उघडायचं. आतलं सील, चारही बेअरिंग, बाहेरचं रबर, नमदा एकाच वेळी नवे. सगळं डिझेलने धुऊन सुकवून, जॉइंटमध्ये मोलीचं ग्रीस बोटाने दाबून भरायचं.

बसवताना किंगपिनखालच्या शिमने (पातळ चकत्यांनी) ताण ठरतो. हे अंदाजाने करू नये. बाहेरचं रबर सील न लावता नकल बसवायचं, टायरॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून आडवा ओढायचा आणि नकल हलायला सुरुवात होते तो आकडा वाचायचा. १ ते १.८ किलोच्या दरम्यान आला पाहिजे. कमी आला तर शिम कमी करायचे, जास्त आला तर वाढवायचे. वर-खाली काढलेले शिम मिसळू नयेत, काढतानाच तारेत ओवून ठेवावेत. त्यानंतर टायरॉडचे गोळे, पाट्यांचे बुश आणि टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते) २ ते ६ मिलिमीटर. एवढं करूनही नाचली तर मग स्टेअरिंग बॉक्स आणि चाकांचा तोल. हौसेने घातलेले मोठे, रुंद टायर हा त्रास वाढवतात; २०५/७० आर १५ पुरेसे आहेत. गाडीबरोबर आलेले टायर कितीही खोल नक्षीचे असोत, बाजूचा चार अंकी आकडा बघावा. पहिले दोन अंक आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

ब्रेकला काटकसर नको. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर उभ्या गाडीत हमखास जाम झालेले असतात. मास्टर सिलिंडर आणि रबरी होज त्यांच्यासोबतच. जुनं तेल पूर्ण काढून डॉट ३ भरायचं आणि मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून हवा काढत यायचं.

सुटे भाग मिळतात, ही या गाडीची मोठी सोय. इंजिनाचे नवे भाग मारुतीच्या दुकानांत, बॉडीचे पत्रे आणि ॲक्सल मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारात. लष्करी गाड्या मोडण्यासाठी पश्चिम बंगालमधलं पानागढ प्रसिद्ध आहे, पण तिथून मागवलेल्या भागाचा फोटो नाही, व्हिडिओ मागावा.

रंगाबद्दल लोक फार भावुक होतात. नियम १२१ स्पष्ट आहे: संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग चालत नाही. मॅट केला, थोडी छटा बदलली, तरी निरीक्षकाच्या डोळ्याला ते हिरवंच दिसतं. बाण, युनिटच्या खुणा, मागच्या डिफरन्शियलवरचा पांढरा पट्टा आणि काफिल्याचा दिवा हे सगळं काढायचं. रेडिओसाठी ओढलेल्या जादा वायरी तोडून सोडू नयेत, उगमापर्यंत काढाव्यात. टांगलेलं एक टोक बॉडीला टेकलं की फ्यूज उडत राहतो आणि कारण सापडत नाही. लांबी (पुट्टी) भरण्याआधी कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, नाहीतर पहिल्या पावसात फुगे येतात.

नोंदणीला जाताना चेसिस नंबरावर काढलेला तृतीय पक्ष विमा, पेन्सिलने घेतलेला चेसिस नंबराचा ठसा, पत्त्याचा पुरावा, नमुना २० आणि २१, लिलावाच्या पावत्या. चेसिस नंबरावर रंग मारून ठेवू नये. पेंटरला तिथे आधीच टेप लावायला सांगावी, कारण निरीक्षक तोच आधी घासून बघतो. नंबर मिळून उच्च सुरक्षा पाटी लागेपर्यंत गाडी आवाराबाहेर काढायची नाही. मग पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळायचे, आणि नकलखाली एक जुना कागद पसरून रात्रभर गाडी उभी करायची. सकाळी कागदावर थेंब दिसला तर तो कुठल्या बाजूचा आहे ते बघून तेवढंच एक सील उघडायचं.