सुकूरच्या सड्यावर, पावसाळा सरल्यावर

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलीमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार; त्याच्या खळग्यात माती वीतभर. पाऊस थांबला की सड्यावरच्या झाडाचं खरं वर्ष काही आठवड्यांत आटोपतं. म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही तिघं प्रकाशसंश्लेषण मोजायचं यंत्र घेऊन सुकूरच्या सड्यावर चढलो. हवेतला कार्बन डायऑक्साइड 400 वरून 600 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) केला, तर पान किती पाणी राखतं, एवढंच पाहायचं होतं.

पहिलं पान करवंदीचं. आकडा ठरेचना. कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमची नळी नवी, सिलिंडर भरलेलं. दोष गास्केटचा, म्हणजे पान धरणाऱ्या चेंबरच्या कडेच्या मऊ पट्टीचा निघाला: जाड मध्यशिरेवर चिमटा बसल्यामुळे फट राहिली होती, आणि नोंदी घेणारा मुलगा चेंबरवर वाकून उभा होता. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे 4 टक्के, म्हणजे 40,000 पीपीएम! सोडा लाइम यंत्राने ओढलेली हवा धुतो, फटीतून शिरलेली नाही. गास्केट बदललं, शीर टाळून पान धरलं, सगळे वाऱ्याच्या खालच्या अंगाला दोन मीटर सरकलो. आकडा स्थिर झाला.

दुसरी चूक घाईची. प्रकाशसंश्लेषण काही मिनिटांत स्थिरावतं, पर्णरंध्रांना, म्हणजे पानातलं पाणी ज्यांतून उडतं त्या बारीक छिद्रांना, अर्धा तासही लागतो. पाचव्या मिनिटाला नोंद केली तर पाणी वाचतच नाही असं वाटतं. त्या नोंदी खोडल्या.

मग चित्र स्वच्छ दिसलं. 600 ला करवंदीचं आणि कडेच्या रानमोडीचं (बाहेरून आलेलं तण) प्रकाशसंश्लेषण वाढलं, रंध्रं आकसली. खळग्यातल्या इस्किमम गवताचं प्रकाशसंश्लेषण जवळपास तिथंच राहिलं; ते सी-4, कार्बन डायऑक्साइड पानाच्या आत आधीच दाट करून वापरणारं. रंध्रं मात्र त्याचीही आकसली. दुपारी साडेबाराला हवा कोरडी झाली, करवंदीने रंध्रं आपणच मिटली, आणि 400-600 मधला फरक यंत्राच्या थरथरीत हरवला.

जास्त कार्बन डायऑक्साइडने पाणी पुरवून वापरता येतं. नसलेलं पाणी येत नाही. उपग्रहांच्या नोंदींवरून 1982 ते 2010 मध्ये उष्ण, कोरड्या प्रदेशांत पानांचं आच्छादन सुमारे 11 टक्के वाढलं. तरी नेवाडात मोहावे वाळवंटात 10 वर्षं 550 पीपीएमची हवा सोडून शेवटी झाडोऱ्याचं एकूण वजन लक्षणीय वाढलं नाही; 1998 च्या ओल्या वर्षी मात्र बाहेरून आलेलं ब्रोम गवत तिथं सर्वात जोमाने फोफावलं. मला सड्यावर भीती वाटते ती याचीच: ओलीचे ते मोजके आठवडे आमच्या गवताऐवजी रानमोडी गिळेल.

उतरताना रानमोडीच्या तीन झुडपांना आणि शेजारच्या तीन खळग्यांना टॅग बांधले. जानेवारीत त्याच पानांजवळ, नवं गास्केट लावून.