कार्डावर न उमटलेली झोप

मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या स्लीप लॅबमध्ये मी १४ वर्षे रात्रपाळी करते आहे. लोक आमच्याकडे ‘घोरण्याची टेस्ट’ करायला येतात आणि घोरणे मोजण्यासाठी डोक्याला इतक्या वायर कशाला, असे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. खरे तर झोपेत घसा मिटून श्वास अडकतो का, हे आम्ही पाहतो. तो कितीदा अडकला हे नाकाखालची नळी आणि छाती-पोटावरचे पट्टे सांगतात. परंतु तो झोपेच्या कोणत्या टप्प्यात अडकला हे मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूचा ताण एकत्र पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. रात्रीचे ३० सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला टप्प्याचे नाव द्यायचे असते. सहा तासांचे ७२० तुकडे होतात. हे काम आता सॉफ्टवेअर करते असे सांगणारे विक्रेते अधूनमधून येतात. खोबरेल तेलाने चोपडलेल्या केसांतून आलेला आलेख त्यांनी बहुधा कधी पाहिलेला नसतो. तेल लावून येऊ नका असे पत्रकात ठळक अक्षरांत छापूनही दर तिसऱ्या रुग्णाचे डोके मला स्पिरिटने पुसून काढावे लागते, तेव्हा कुठे पेस्ट धरते.

ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते काका दादरच्या फूलबाजारात झेंडूचे अडते आहेत. वय ५४, राहणे लालबागच्या चाळीत, रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू. गेली ३० वर्षे ते रात्री साडेआठला झोपतात आणि अडीचला उठून बाजार गाठतात. पहिल्या रात्रीच्या तपासणीत त्यांचा श्वास तासाला ५४ वेळा अडकला. ३० च्या वर गेले की आम्ही तीव्र म्हणतो. मला मात्र त्या आकड्यापेक्षा झोपेचा आलेख अधिक बोलका वाटला. गाढ झोप, म्हणजे एन३, सगळी मिळून ३ टक्के होती. या वयात ती १५ टक्क्यांच्या आसपास असती तरी मी समाधान मानले असते. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, ७ टक्के होती, जी निरोगी माणसात २० ते २५ टक्के असते. बाकीची रात्र उथळ झोप आणि जाग यांच्यात हेलकावत गेली होती. त्या थोड्याशा रेममध्येच सर्वांत लांब अडथळा आला, ७८ सेकंदांचा, आणि रक्तातला ऑक्सिजन ७१ टक्क्यांपर्यंत उतरला. रेममध्ये शरीराचे बहुतेक स्नायू सैल सोडलेले असतात, घसा उघडा ठेवणारेसुद्धा. त्यामुळे तिथे श्वास अडकला की लवकर सुटत नाही.

दुसरी रात्र सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे मशीन, लावून प्रेशर ठरवण्याची होती. मशीन पाहून काका म्हणाले, “ताई, हे तर व्हॅक्यूम क्लीनरसारखं दिसतंय.” त्यांना गंमत वाटेल म्हणून मी सांगितले की १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार पहिल्यांदा मांडला आणि त्या काळच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरच्याच मोटरी बसवलेल्या असत. दुसऱ्या दिवशी बाजाराला सुट्टी घ्या आणि अडीचला जाग आली तरी पडून राहा, असे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले होते.

सुरुवात ४ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने होते. अडथळे दिसत राहिले की एकेक सेंटिमीटर वाढवायचे आणि दोन वाढींमध्ये निदान पाच मिनिटे थांबायचे. हे थांबणेच नव्या टेक्निशियनना जमत नाही. नवाच्या दाबावर घोरणे मिटले, सततचे दचकणे थांबले, आणि मग पडद्यावर संथ, उंच, रुंद लहरी येऊ लागल्या. माणूस आपल्या डोळ्यांदेखत गाढ झोपेत उतरताना पाहणे हा या नोकरीतला माझा एकमेव लोभ आहे. बरीच वर्षे गाढ झोप न मिळालेला मेंदू पहिल्याच रात्री थकबाकी वसूल करायला लागतो. आम्ही त्याला रिबाउंड म्हणतो. पहिला रेम एरवी दहाएक मिनिटांचा असतो. काकांचा ४१ मिनिटे चालला.

त्या ४१ मिनिटांत ऑक्सिजन ८६ पर्यंत उतरला. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर घाईघाईने आले आणि ऑक्सिजनची नळी जोडा म्हणाले. मी नकार दिला. नळी जोडली असती तर आकडा सुधारला असता आणि घसा तसाच मिटलेला राहिला असता. (रात्रपाळीत मॉनिटरवरचा लाल आकडा हिरवा करणे यालाच काही जण उपचार समजतात.) लीकचा आकडा वाढलेला दिसत होता: जबडा सैल पडून तोंडातून हवा जात होती आणि मिशीमुळे मास्कही वरच्या ओठावर नीट बसत नव्हता. आत जाऊन हनुवटीचा पट्टा बांधला, मास्क सारखा केला, दाब टप्प्याटप्प्याने १२ पर्यंत नेला. ऑक्सिजन ९४ वर स्थिरावला. पण काका कुशीवर होते, आणि दाब खात्रीने पुरतो असे म्हणायचे तर उताण्या स्थितीतला निदान १५ मिनिटांचा रेम पाहावा लागतो. पहाटेच्या रेममध्ये मी त्यांना उशीच्या आधाराने हळूच उताणे केले. क्षणभर जाग उमटली आणि रेम पुन्हा सुरू झाला. १२ वर श्वास अखंड राहिला. त्या रात्री एन३ २४ टक्के आणि रेम ३३ टक्के भरला.

सकाळी वायर काढताना काका जरा नाराज दिसले. “रात्रभर भाव ठरवत होतो,” ते म्हणाले. कित्येक वर्षांनी त्यांना स्वप्न पडले होते आणि त्यातही झेंडूच होता. तरीही डोके हलके वाटते आहे, हे त्यांनी निघताना मान्य केले.

मे महिन्यात ते तपासणीला आले. मशीनच्या कार्डावर रोजचा सरासरी वापर ४ तास २५ मिनिटे होता आणि मशीनवर उरलेले अडथळे तासाला ३. डॉक्टरांनी ‘उत्तम’ असा शेरा मारला. ७० टक्के रात्री निदान चार तास वापर, हा निकष अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने मशीनचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवण्यासाठी वापरला. आमच्याकडे तो बरे झाल्याचा दाखला म्हणून वाचला जातो. रक्तदाबाच्या गोळ्या तीनच्या तीनच होत्या, याकडे कुणी फारसे पाहिले नाही.

काकू दाराशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, “रात्री आता आवाज नाही हो. पण बाजारातून आल्यावर झोपतात ना, तेव्हा पूर्वीसारखंच. मध्येच गुदमरून उठतात.” साडेदहा ते साडेबारा, रोज, विनामास्क. माझ्या पोटात खड्डा पडला. रेम हा शरीराच्या घड्याळाला बांधलेला असतो. त्याचा जोर पहाटे आणि सकाळी असतो, म्हणून सकाळच्या झोपेत त्याचा वाटा मोठा असतो. म्हणजे मशीन त्यांच्या गाढ झोपेची राखण करत होते, आणि ज्या टप्प्यात घसा सर्वांत वाईट मिटतो त्याचा बराचसा भाग उघड्यावर पडला होता. कार्ड तास आणि श्वास मोजते. मेंदूची लहर त्याला दिसत नाही, आणि मशीन लावलेच नाही तर काहीच दिसत नाही. दिवसाच्या झोपेची पूर्ण वायर लावून तपासणी करावी असे मी सुचवले, तेव्हा कार्यालयातून उत्तर आले की असे पॅकेज नाही.

मुळात चूक माझीही होती. फेब्रुवारीत, पहिल्या तपासणीच्या वेळी, मी त्यांना ‘रात्री किती वाजता झोपता’ असे विचारले होते. आमच्या छापील फॉर्मवर तोच प्रश्न आहे आणि मी १४ वर्षे तो वाचून दाखवते आहे, फूलबाजार, मासळीबाजार आणि दूधकेंद्रे असलेल्या शहरात.

दिवसाच्या झोपेतही मशीन लावा, असे मी काकांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, रात्री दार बंद असतं. दिवसा चाळीत दार कोण लावतं? येणारा-जाणारा बघणार, काय आजार झालाय म्हणून विचारणार. बाजारात कळलं तर शेतकरी माल दुसऱ्या गाळ्यावर टाकतील.” शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पडदा लावा, एवढेच मी म्हटले.

जुलैच्या अखेरीस कार्ड पुन्हा वाचले. प्रत्येक तारखेपुढे वापराचा निळा पट्टा असतो. रात्रीचे पट्टे नियमित होते. त्यांच्याशिवाय दिवसाचे नऊ पट्टे होते, कोणताही क्रम नसलेले: दोन सलग, मग आठवडाभर काही नाही, मग पुन्हा तीन. मी काकूंना फोन करून विचारले. त्या म्हणाल्या, पावसाची झड आत येते तेव्हा दार लावून घ्यावे लागते.