खोबरेल तेल प्यायलेलं मशीन

खरंतर ही पोस्ट एवढंच सांगायला लिहायला घेतली की शिलाई मशीनमध्ये खोबरेल तेल घालू नका. डोक्याला लावा, अंगाला लावा, मशीनला नको. पण आता बसलेच आहे तर बाकीचंही बोलते.

माझ्याकडे सध्या सहा मशीनं आहेत, सगळी हातावर नाहीतर पायावर चालणारी (आईच्या मते पाच जास्त आहेत), आणि त्यातली चार "जाम झालंय, भंगारात द्यायचंय, नेतेस का" म्हणून आलेली. जाम कशानं, तर घरात कधीतरी मशीनचं तेल संपलं, कुणीतरी शेल्फवरची खोबरेलची बाटली उचलली आणि सोडलं दोन थेंब, आणि मग मशीन पंधरा वर्षं पलंगाखाली. ते तेल सांध्यांमध्ये सुकून राळेसारखं चिकट होतं आणि चाक हलायचं नाव घेत नाही. लोकांना वाटतं गंजलं. बऱ्याचदा नुसतं चिकटलेलं असतं.

उपाय सोपा आहे पण धीर लागतो. तेलाच्या भोकांमध्ये थोडं थोडं रॉकेल (मिळालं तर, नाहीतर टर्पेंटाइन), खिडक्या उघड्या ठेवून, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. रॉकेल पूर्ण पुसून उडून गेलं की मग हेअर ड्रायरनं सांधे गरम करायचे आणि चाक हलक्या हातानं पुढेमागे, जोर अजिबात नाही. पहिल्या मशीनला पाच दिवस असं आंजारत गोंजारत होते, सहाव्या दिवशी चाक सूतभर सरकलं तर मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू विचारायला आल्या. त्यानंतर मग खरं मशीन ऑइल. आणि हो, काळ्या रंगावर ती सोनेरी नक्षी असते ना, तिला स्पिरिट लावायचं नाही, वरचा लाखेचा थर विरघळतो आणि सोनं बोळ्यावर येतं. कसं कळलं? एका मशीनवरचं 'सिंगर' आता नुसतं 'गर' उरलंय.

सगळ्यात लाडकं म्हणजे सिंगर कंपनीचं 28 नंबरचं मॉडेल, हातमशीन, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी घेतलं, बाराशे रुपये, घासाघीस करून. उजव्या बाजूला नंबर असतो, माझा इंग्रजी वाय (Y) अक्षरानं सुरू होतो म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, 1920-30च्या दशकातलं. तो कारखाना 1980 मध्ये बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर'च आहे. आणि तिकडून ही मशीनं आपल्याकडे आली त्यात एका पारशी माणसाचा मोठा हात, एन. एम. पटेल, कंपनीचे भारतातले मुख्य एजंट. गांधीजी एवढे यंत्रांच्या विरोधात, पण 1924 मध्ये त्यांनीही सिंगरच्या मशीनला अपवाद केला होता. ही मशीनं बनवायला मोठा कारखाना लागेलच की, असं समोरच्यानं विचारलं तर म्हणाले, हो, पण तो सरकारच्या ताब्यात हवा. आईला हे ऐकवलं, तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

या 28 मध्ये आपली नेहमीची गोल बॉबिन नसते. लांब, काडीसारखी बॉबिन आणि ती ज्यात बसते ते शटल होडीसारखं, टिपेबरोबर खाली झोके घेत मागेपुढे जातं. पट्टी सरकवून ते बघत बसले की माझी वीस मिनिटं कुठे जातात कळत नाही. सुई मात्र साधी घरगुती मशीनचीच लागते, कुठल्याही टिकली-बांगड्यांच्या दुकानात मिळणारी. फक्त ज्या बाजूला सुईला लांब खाच असते त्या बाजूनं दोरा ओवायचा, उलटी बसली की टाके सुटतात आणि आपण उगाच दोऱ्याचा ताण ठरवणारा टेन्शनचा स्क्रू पिळत बसतो.

उलटी टीप नाही यात. शेवटी दोरे लांब सोडून हातानं गाठ मारायची. आणि उजवा हात मुठीवर, म्हणजे कापड सांभाळायला एकटा डावा. पहिल्या परकराचा घेर बघितला तर नागमोडी रस्ता दिसत होता. पण मुठीच्या एका फेऱ्यात तीन टाके पडतात, त्यामुळे कोपऱ्यावर आलं की अर्धा फेरा, पाव फेरा, पाहिजे तिथे सुई थांबते, बिनबोभाट. गळ्याच्या पट्ट्या मी आता यावरच लावते, विजेच्या मशीनवर माझा पाय नेहमी एक टाका पुढे जातो.

पायमशीनची गंमत वेगळी. चाक आपल्याकडे फिरलं पाहिजे, सुरुवातीला हातानं ढकलायचं आणि मग पाय. जरा ताल चुकला की उलटं फिरतं आणि दोऱ्याचा गुंता. मला आठवडा लागला, माझ्या मावशीला बोलता बोलता जमतं.

आता राग. हल्ली कॅफेमध्ये पायमशीनच्या स्टँडवर काच किंवा लाकूड टाकून टेबल करतात, बघितलं असेल. परवा एका ठिकाणी कॉफी पीत होते, पायाखाली पायटा, सवयीनं दाबला तर हलेना, वेल्डिंग करून टाकलेलं. मालकाला विचारलं वरचं मशीन कुठे, तर म्हणाला, किलोवर गेलं. किलोवर! कदाचित त्याच्यातही नुसतं खोबरेलच अडकलेलं असेल.

असो. सध्या जुन्या सुती साड्यांची गोधडी चालू आहे. सहा थर 28 खाली जात नाहीत, दाब (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) पूर्ण वर केला तरी नाही, म्हणून वरचा थर जोडायला मशीन आणि बाकी हातानं धावदोरा. आठ वर्षांची भाची सुट्टीला आलीये, ती मूठ फिरवते आणि मी दोन्ही हातांनी कापड धरते, आणि टीप सरळ येते. फक्त "थांब" म्हटल्यावर ती अजून दोन फेरे मारते.