तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या सेगवेला हात का लावू देत नाही

आम्ही चार जण इथे उभे असताना तुम्ही एकट्याच ती सेगवे (उभे राहून चालवायचे, विजेवर चालणारे दुचाकी यंत्र) गाडीत का चढवता, आणि कोणी मदतीला पुढे आले की लगेच अंगावर का येता, हा प्रश्न न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये विचारला जातो. हसून वेळ मारून नेण्याचा आता कंटाळा आला आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे मला उभे राहता येते पण फार चालता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात पुन्हा शिरत नाही.

या यंत्राला ब्रेकही नाही आणि ॲक्सिलरेटरही नाही. पायाखालचा तक्ता किती कलला आहे हे आतले जायरोस्कोप सतत मोजत असतात आणि कल ज्या बाजूला असेल त्या बाजूला चाके धावतात, म्हणजे ती पुन्हा तुमच्या तोलाच्या खाली येतात. पुढे झुकलात की चालू लागते, मागे झुकलात की थांबते. माझ्या आय-टू मॉडेलचा कमाल वेग ताशी 20 किलोमीटर आहे. त्या वेगाला पोहोचताच हँडल तुम्हाला मागे रेटते, कारण तोल सावरण्यासाठी मोटरकडे थोडी ताकद शिल्लक असावी लागते. त्या रेट्याशी भांडून जो आणखी पुढे झुकतो, तो तोंडावर पडतो. थोडक्यात, या यंत्राला तुमचा हेतू कळत नाही, फक्त कल कळतो, आणि माझ्या सगळ्या आडमुठेपणाचे मूळ एवढेच आहे.

म्हणूनच इंडियन ग्रोसरीतून बाहेर पडताना कोणी प्रेमाने 20 पौंडी तांदळाची पिशवी माझ्या हँडलला अडकवू लागले की मी ती काढून परत त्याच्या हातात देते. हँडलवर साडेचार किलोंपेक्षा जास्त वजन चालत नाही. त्यातून लोंबणारी पिशवी वळताना झोके घेते, आणि माझ्या यंत्राचे वळणे हे तेच हँडल डावीउजवीकडे झुकवण्यावर अवलंबून आहे. वजन न्यायचेच असेल तर ते पाठीवरच्या सॅकमध्ये, अंगाला चिकटून, आणि माझ्यासकट एकूण 118 किलोंच्या आत.

आता गाडीत चढवण्याविषयी. सेगवे सुमारे 47 किलोंची असते. दोन धडधाकट माणसांना ती बंद करून उचलता येते, हे मला मान्य आहे. पण मी एकटी असते तेव्हा ॲल्युमिनियमचा रॅम्प लावते, खाली उतरून बाजूला उभी राहते आणि यंत्राला स्वतःच्या ताकदीने चढू देते. या सोयीत चाके ओढतात, परंतु यंत्र कोणाचा तोल सांभाळत नाही, त्यामुळे त्यावर पाय ठेवायचा नसतो. हँडल जितके पुढे झुकवावे तितक्या जोराने ते पुढे जाते.

त्या गणेशोत्सवाच्या रात्री पाऊस नुकताच थांबलेला होता आणि रॅम्प ओला होता. मी नेहमीपेक्षा सावकाश, हँडल जेमतेम कललेले ठेवून, चाके धातूवर पकड घेतात की नाही ते बघत होते. आमच्यातले एक काका छत्री मिटून जवळ आले. मी म्हणाले, “नको काका, राहू द्या.” ते म्हणाले, “अगं, एवढी ओढाताण कशाला?” चाके क्षणभर अडखळली, तेव्हा त्यांना वाटले की यंत्राचे बळ कमी पडते आहे, आणि त्यांनी मागून हँडलला हात लावून चांगला जोर दिला. यंत्राने तो कल मानला. ते उसळून वर गेले, एक चाक रॅम्पच्या कडेवरून सुटले आणि सगळे धूड बाजूला कलंडून काकांच्या नडगीवर आले. पडताना त्यांनी हात टेकला आणि मनगट मोडले. हिरव्या नऊवारीतल्या काकू पार्किंगमध्ये गुडघ्यांवर बसून त्यांचा हात धरून होत्या, आणि काका मात्र मलाच विचारत होते, “तुझ्या यंत्राला काही झाले नाही ना?” त्यांचा तो प्रश्न मला अजून सहन होत नाही.

लोक म्हणतात, तुम्ही स्पष्ट सांगायला हवे होते. मी स्पष्टच सांगितले होते. पण पंगतीत “नको, पुरे” म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक जिलबी वाढायची असते, हे ज्यांना लहानपणापासून शिकवले आहे त्यांनी माझा नकार खरा का मानावा? म्हणून आता मी ओरडते. ते उद्धट दिसते, याची मला कल्पना आहे.

त्यानंतर सभागृहाच्या व्यवस्थापनाने यंत्र सुरक्षित आहे का, अशी चौकशी केली. 2011 पासून लागू असलेल्या अमेरिकी नियमांनुसार अपंग व्यक्तीला असे यंत्र सार्वजनिक जागी नेता येते, पण खऱ्याखुऱ्या धोक्याच्या कारणावरून ते नाकारताही येते. एखाद्याच्या मदतीमुळे माझे पायच दाराबाहेर राहतील, ही भीती तुम्हाला अवास्तव वाटत असेल तर वाटो.

त्यावर कोणीतरी हमखास 2003 मध्ये सेगवेवरून पडलेल्या तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्ष बुश यांचे किंवा 2010 मध्ये यॉर्कशायरमध्ये कड्यावरून सेगवेसकट कोसळून गेलेल्या जिमी हेसेल्डेन यांचे नाव काढते. ते तर कंपनीचेच मालक होते ना, असे वर ऐकवले जाते. मी पूर्वी या लोकांशी हिरिरीने वाद घालत असे. कोणालाही पाच मिनिटांत जमते असे सांगून पोरांना चकरासुद्धा मारू देत असे. ती मी आता मला पटत नाही. 2003 मध्ये सुमारे 6,000 यंत्रे परत मागवली गेली, ती बॅटरी संपत आली की स्वार पडू शकतो म्हणून. तोल विजेवर उभा असतो, हे तेव्हाच सगळ्यांना कळले होते. पण “मग सोडून दे ना” म्हणणारेही मला पटत नाहीत. व्हीलचेअरवर बसले की माझ्याशी बोलणारा माणूस माझ्या डोक्यावरून माझ्या नवऱ्याशी बोलू लागतो. व्हीलचेअर टाळण्यामागे माझा गर्व आहे, असे नवरा म्हणतो. असेलही.

शिवाय 2020 मध्ये या यंत्राचे उत्पादन थांबले. माझी पडून मोडली तर नवी मिळणार नाही, हाही हात न लावू देण्यामागचा स्वार्थ आहे. सगळे कारण काकांच्या मनगटाचे आहे, असा आव मी आणत नाही.

अलीकडे माझ्या उजव्या हाताची पकड सुटू लागली आहे. कधीतरी रॅम्पवर हँडल दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावे लागेल, आणि त्यासाठी त्याला आधी कोरड्या, सपाट जागेवर नीट शिकवावे लागेल. नवऱ्याची कंबर साथ देत नाही, मुलगा सिॲटलला असतो. काका मनगट बरे झाल्यापासून दोनदा म्हणाले की मला शिकव. मी अजून हो म्हटलेले नाही.